दुसरा गिअर

उमेळे, वसई
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

हरिभाऊ,

नमस्कार. नागपूरच्या थंडीने तुमचे गुडघे अजून तरी जागेवर ठेवले असतील असं धरून चालतो. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ऐकू न येता तुम्ही जे "हो, हो, बरोबर" म्हणत राहता त्याने माझं डोकं फिरतं. म्हणून कागद-पेन घेऊन बसलो आहे.

इकडे सगळं ठीक. मंदा बरी आहे. दिवाळीचा फराळ या वर्षी पाठवला नाही म्हणून रागावू नका, घरात फारसं काही केलंच नाही. केळी मात्र चांगली आली आहेत, चाफाही भरपूर आहे.

आता मुद्द्याचं. व्हॅन.

तुम्हीच पसंत करून आपल्या बहिणीला आणून दिलेली, तेव्हा तुम्हालाच विचारणं भाग आहे. जानेवारीत गाडीला पंधरा वर्षं पुरी होतात. मग कागद नव्याने करायचे, त्यासाठी गाडी तपासणीत पास व्हायला हवी, आणि आजच्या अवस्थेत ती तपासणीला गेली तर आरटीओचा साहेब तिला हात लावायलाही तयार होणार नाही. पापडीच्या गॉडफ्रेला बोलावलं. हा आमचा मेकॅनिक. माणूस वाईट नाही, पण त्याचं मत दर खेपेला बदलतं. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला, अंकल, फक्त क्लच प्लेट. दुसऱ्यांदा आला, पुढची सीट उचलून खालचं इंजिन बघितलं, तर म्हणे उंदरांनी वायरी खाल्ल्यात. तिसऱ्यांदा खाली वाकला आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हर लावला, तो सरळ आरपार गेला. वर माझ्याकडे बघून म्हणतो, "खारा वारा, अंकल." जसा काही खारा वारा मी सोडतो.

शिवाय डाव्या बाजूला पुढपासून मागपर्यंत पत्रा चेपलाय आणि तो सरकता दरवाजा आता सरकत नाही. ते कसं झालं ते सोडा, मोठी कथा आहे.

आमचे चिरंजीव जितेंद्र बोळिंजला चौदाव्या मजल्यावर राहतात, त्यामुळे त्यांना तिथून सगळं सोपं दिसतं. दर रविवारी येतो आणि मोबाइल उघडून बसतो. बाबा, ही मोडीत द्या, त्याचं सर्टिफिकेट मिळतं, त्यावर नवीन गाडीत सूट मिळते, आईसाठी ऑटोमॅटिक घेऊ. विनिता, म्हणजे सूनबाई, तिचं त्याहून सोपं. गाडी ठेवायचीच कशाला, मोबाइलवरून टॅक्सी मागवायची. मी म्हटलं, मागव बरं आत्ता. मागवली. तो टॅक्सीवाला पलीकडच्या आळीत चर्चपाशी जाऊन उभा राहिला आणि तिथून आम्हालाच शिव्या देऊन निघून गेला.

म्हणजे गॉडफ्रे म्हणतो दुरुस्त करा, जितेंद्र म्हणतो बदला, विनिता म्हणते सोडून द्या. शेजारची सालोमी म्हणते, शांतारामभाऊ, आधी त्या व्हॅनखालून कोंबड्यांना हाकला. त्यांनी तिथे अंडी घालायला सुरुवात केली आहे.

आणि मंदा? मंदाला विचारलं तर म्हणते, "काय करायचं ते करा." हरिभाऊ, ती लहान होती तेव्हापासून तुम्ही तिला ओळखता. आयुष्यात तिने कुणाला "काय करायचं ते करा" म्हटलंय का कधी? माझ्या शर्टाचा रंग ती ठरवते. त्या व्हॅनमध्ये पेट्रोल कुठल्या पंपावर भरायचं, पाऊस पडला की कुठली गल्ली टाळायची, भजनाला जाताना कुठली बाई कुठे बसणार, सगळं ठरवणारी ती. आणि आता काय करायचं ते मी करायचं.

हल्ली ती चालवत नाही. हवापाणी बदललंय, थोडी दमते.

परवाचा प्रकार सांगतो, म्हणजे माझी दशा कळेल. गॉडफ्रे म्हणाला होता, गाडी नुसती उभी ठेवू नका, बॅटरी बसेल, रोज चालू करत जा. ठीक आहे. मला चालवता येत नाही, पण चावी फिरवता येते. मंदाची गाडी उभी करायची पद्धत तुम्हाला ठाऊकच असणार, तुम्हीच शिकवलेली. हँडब्रेक धरत नाही म्हणून पहिल्या गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली दगड लावायचा. मला काय माहीत? मी झाडलोट करताना तो दगड उचलून कडेला ठेवला. मग आत बसलो आणि चावी फिरवली. गाडीने जी उडी मारली ती थेट धुण्याच्या दगडावर. बादली, साबण, माझी दोन धोतरं, सगळं गाडीखाली. मी स्टिअरिंगला मिठी मारून बसलो होतो.

तेवढ्यात खिडकीतून मंदा ओरडली, "अहो, आधी गिअर काढा! चावीला हात लावायच्या आधी गिअर बघतात!"

अख्ख्या आळीला ऐकू गेलं. सालोमी धावत आली. मला शरम वाटायला हवी होती, पण खरं सांगू, बरं वाटलं. का ते आत्ता लिहीत नाही.

तर तुमचं मत दोन ओळींत कळवा. दुरुस्त, बदल, की मोडीत. मोडीत दिली तर मंदाचं पुढे कसं, ह्याचाही विचार करून कळवा, कारण व्हॅन गेली तर ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही अशी मला भीती वाटते. पत्र माझ्या नावावर पाठवा आणि जितेंद्रकडे ह्यातलं काही बोलू नका.

तुमचा डोकं पिकलेला मेहुणा,
शांताराम


उमेळे
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

हरिभाऊ,

तुमचं कार्ड मिळालं. मी तीन पानं गाडीवर लिहिली आणि तुम्ही एका ओळीत उत्तर दिलंत: "गाडीचं मागाहून बघू, मंदाला काय झालं आहे?" खाली ठसठशीत अक्षरात आणखी एक, की मंदा प्रत्येक पत्राखाली चार ओळी लिहिते, ह्या वेळी का नाहीत. तुमचे कान गेले पण बाकी सगळं शाबूत आहे.

सांगतो. तिने मला शपथ घातली होती की दादाला कळवायचं नाही, त्याची बायपास झाली आहे, तो तसाच गाडीत बसून निघेल. म्हणून आधी तुम्ही मला शब्द द्या की वाचून झाल्यावर बॅग भरणार नाही. दिलात असं धरतो.

नवरात्रात भजन मंडळाच्या बायका निर्मळला गेल्या होत्या. नेहमीप्रमाणे मंदाच्या व्हॅनमध्ये, मागे दाटीवाटीने, मांडीवर पेटी आणि टाळ. येताना आपल्या आळीच्या वळणावर, जिथे नवीन सोसायटीची भिंत संपते आणि बावखल सुरू होतं, तिथे मंदाचा डावा हात गिअरवरून गळून पडला. डावा पायही गेला. अर्धांगाचा झटका. गाडी डावीकडे ओढत गेली आणि भिंतीला घासत घासत पुढे सरकली. भिंत संपली की सरळ पाणी. यंदा बावखल काठोकाठ भरलं होतं.

पण उजवा पाय चांगला होता, हरिभाऊ. तो ब्रेकवर होता आणि तिने तो तिथून काढला नाही. गाडी पाण्याच्या अलीकडे थांबली. डावा सरकता दरवाजा चेपल्यामुळे बायका उजवीकडून उतरल्या. कुणाला खरचटलंही नाही. पेटीचे दोन सूर गेले, तेवढंच.

हे सगळं मला यमुनाताईंनी सांगितलं. मंडळातल्या त्या सगळ्यात वडील, मधल्या सीटवर बसल्या होत्या. मंदाला ह्यातलं ब्रेक दाबल्याचं काही आठवत नाही. तिला फक्त समोरचं पाणी आठवतं. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर एकदाच म्हणाली, "मी सगळ्यांना बुडवलं असतं." त्यावर पुन्हा बोलली नाही.

तब्येतीचं म्हणाल तर डॉक्टर समाधानी आहेत. काठी घेऊन चालते. डाव्या हातात पेला धरता येतो, पण लक्ष दुसरीकडे गेलं की सुटतो. जीभ शाबूत आहे, आणि तीच ती वापरत नाही. यमुनाताई आणि इतर बायका दर दोन दिवसांनी येतात. मंदा आतून मला खूण करते, झोपलेय म्हणून सांगा. मी सांगतो. त्या ओट्यावर बसून राहतात, सालोमी त्यांना चहा देते, त्या पिऊन जातात. चपला घालताना यमुनाताई दाराकडे बघत मुद्दाम मोठ्याने म्हणतात की परवा परत येऊ. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. अहो, माझ्या घरात मीच खोटारडा झालो.

आता तुम्हाला कळेल की जितेंद्र ऑटोमॅटिकच्या मागे का लागलाय. त्या गाडीला क्लच नाही, गिअर बदलायचा नाही, डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं कामच नाही. बिचारा रात्रंदिवस तेच बघत असतो, आईवर त्याचा जीव आहे. पण बोलतो असा की जणू मीच त्याच्या आईला जुन्या डब्यात कोंबून ठेवलंय. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले आत्ता गाडीचं नाव काढू नका, सहा महिन्यांनी तपासू, कदाचित कधीच नाही. मंदाला विचारलं तर "नको." का नको ते मला सांगितलं नाही, सालोमीला सांगितलं. नवीन गाडीतही मीच असेन ना, म्हणाली.

तेव्हा नवीन गाडीचा विषय संपला. जितेंद्र मात्र मानायला तयार नाही. मग मोडीतच द्या म्हणतो, ती दारात उभी आहे म्हणून आईला रोज तेच आठवतं. आता ह्यात तथ्य नाही असं नाही. मलाही ती चेपलेली बाजू बघवत नाही. एकदा तर गोणपाट टाकून झाकून ठेवली. सालोमी म्हणाली, मढ्यासारखी दिसते, काढा ते. काढलं.

मी टेलिफोन खात्यात जन्म काढला, लोकांच्या तारा जोडून दिल्या, आणि घरातल्या घरात एका बाईला बोलतं करता येईना. हात टेकले होते मी. आणि मग तो धुण्याच्या दगडाचा प्रकार झाला. मी मागच्या पत्रात लिहिलं की ती ओरडली तेव्हा मला बरं वाटलं. नवरात्रापासून तिने पहिल्यांदा आवाज चढवला होता, हरिभाऊ. खिडकीच्या गजाला धरून उभी होती, काठी न घेता. तिचं लक्ष पायाकडे नव्हतंच, गिअरकडे होतं. मी गाडीत बसून कितीतरी वेळ हसत होतो, सालोमीला वाटलं माझ्या डोक्याला मार लागला.

तुम्हाला पत्र टाकलं, पण तुमचं उत्तर येईपर्यंत दम निघेना, गॉडफ्रेला फोन केला आणि सांगितलं, सगळं कर. पत्रा, क्लच, वायरी. तो म्हणाला, अंकल, ह्याच्यात जेवढे जातील त्यात तुम्हाला बरी सेकंडहँड येईल. मी म्हटलं, तुला विचारलं नाही. चेपलेला दरवाजा तेवढा राहू दे म्हटलं, त्याला मंदाने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही.

आणि आता हसायचं तर हसून घ्या. मी शिकाऊ लायसन काढलं आहे. वसईत मोटर ट्रेनिंगला जातो. शिकवणारा प्रितेश माझ्या नातवाच्या वयाचा आहे, मला काका म्हणतो आणि मी वळण घेताना डोळे मिटतो. मी नाही, तो मिटतो. जितेंद्रला कळलं तेव्हा तो तासभर बोलला. हे वय आहे का, हाडं मोडली तर कोण बघणार, आई तशी आणि तुम्ही असे. सगळं खरं आहे. मी ऐकून घेतलं आणि सकाळी परत गेलो. मंदाला सांगितलेलं नाही. बाजारात जातो म्हणून सांगतो, आणि भाजी न आणता परत येतो, आणि ती विचारत नाही. पूर्वी असं झालं असतं तर तिने माझा जीव खाल्ला असता.

तुम्ही तुमच्या टेम्पोत तिला शिकवलंत, भात कापून झाल्यावर तुमच्या शेतात. मी बांधावर छत्री घेऊन उभा होतो. तुम्ही मला बोलावलं होतंत, या, तुम्हीही शिका, आणि मी म्हटलं होतं, घरात एक ड्रायव्हर पुरे. तेव्हा सगळे हसले होते.

मला एक सांगा. ह्या व्हॅनचा दुसरा गिअर काही केल्या पडत नाही. गॉडफ्रेच्या हाताने कधी पडतो, कधी नाही. ट्रेनिंगच्या गाडीत नीट पडतो. मंदा काय करायची ते तुम्हाला माहीत असेल तर कळवा. तिला विचारायची सोय नाही.

बॅग भरू नका. शब्द दिलाय.

तुमचा,
शांताराम


उमेळे
रविवार, १८ जानेवारी २०२६

हरिभाऊ,

आधी तिळगूळ घ्या. पुडीत चुरा झाला असेल तर तो पोस्टाने केला, विनिताने नाही. ह्या वर्षीचे लाडू तिने केले आणि चांगले झालेत हे मला तिच्यासमोर म्हणावं लागलं.

दुसऱ्या गिअरबद्दल तुम्ही लिहिलंत की ते हाताने सांगायचं असतं, कागदावर येत नाही. शाबास. नागपूरहून एवढं लिहायला दोन आठवडे घेतलेत. पण तुमचं बरोबर निघालं, म्हणून तुमच्यावरचा राग गिळतो आणि काय झालं ते सांगतो.

गॉडफ्रेने गाडी आणून दिली. पायाखाली नवा पत्रा, नवा क्लच, आवाज गोड. तुमचं ते शेत, वाडीच्या कुंपणापलीकडचं, ते बिल्डरने मुरूम टाकून सपाट करून ठेवलंय. इमारत केव्हा उभी राहायची तेव्हा राहील, सध्या तिथे फक्त एक वॉचमन आणि त्याची खाट आहे. गॉडफ्रे म्हणाला, अंकल, रस्त्यावर नको, इथेच फिरवा. तो माझ्या बाजूला बसला, मी चालवायला. मी वाडीच्या मागच्या बाजूला कुणाला न कळता हे करतोय असं मला वाटत होतं. त्या गिअरबॉक्सचा करकर आवाज पार आमच्या ओट्यापर्यंत जातो हे मला कुणी सांगितलं नाही.

पहिला पडायचा. गाडी निघायची. दुसरा टाकायला गेलो की करकर, मग गचका, मग बंद. परत चालू. परत करकर. गॉडफ्रे माझ्या हातावर हात ठेवून ढकलायचा, मी क्लच सोडायचो, त्याचं ढकलणं आणि माझं सोडणं कधी एका वेळी झालं नाही. वॉचमन खाटेवर उठून बसला. मला इतका संताप आला होता की मी स्टिअरिंगवर हात आपटला आणि हॉर्न वाजला, आणि वाजतच राहिला. उंदरांनी खाल्लेल्या वायरींपैकी ती एक राहून गेली होती.

हॉर्न वाजत असताना मी मान वळवली, तर कुंपणाच्या फाटकात मंदा.

एका हातात काठी. दुसऱ्या बाजूने सालोमी धरून होती, पण सालोमीच मागे राहिली होती. केळीच्या दांडातून, ओल्या मातीतून चालत आली होती. नवरात्रापासून जी ओट्याची पायरी उतरली नव्हती ती. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता. मला आधी वाटलं काहीतरी भयंकर झालं, म्हणून मी उतरायला लागलो, तर गाडी पुढे निघाली. गॉडफ्रेने कशीबशी थांबवली आणि वायर उपटून हॉर्न बंद केला.

मंदा गाडीपाशी आली. चेपलेल्या बाजूनेच आली, ती बाजू बघितली, आणि हाताने नाही पण काठीने तिला जरासं टोचलं. मग गॉडफ्रेला म्हणाली, "उतर." तो उतरला. त्याने आणि सालोमीने तिला वर चढवलं. ती माझ्या डावीकडे बसली. त्या सीटवर ती आयुष्यात पहिल्यांदा बसली असेल, हरिभाऊ. ती माझी जागा.

म्हणाली, "क्लच दाबा. पूर्ण."

मी दाबला. तिने तिचा चांगला हात, उजवा, गिअरवर ठेवला. ती डावीकडे बसली की गिअर तिच्या उजव्या हाताशी येतो, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. इतकी वर्षं डाव्या हाताने जे केलं ते उजव्याला पटकन येईना. एकदा चुकली. स्वतःवरच चिडली. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, मला वाटतं तुम्ही तिला शिकवताना जे म्हणायचात तेच. आधी किंचित पुढे नेल्यासारखं केलं, एक श्वास थांबली, आणि मग मागे ओढला. आवाजसुद्धा झाला नाही.

"सोडा आता. हळू. हळू म्हटलं."

आम्ही गेलो, हरिभाऊ. तुमच्या शेताला दोन चकरा मारल्या. पाय माझे, गिअर तिचा, आणि बडबडही तिचीच. वळणावर आरशात बघा, समोर बघा, कोंबडी आहे, वॉचमनची खाट आहे, डोळे आहेत ना. इतके महिने जे साठलं होतं ते सगळं तिने माझ्यावर काढलं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्यावरही ती ओरडली की पुसा आधी, दिसणार कसं.

त्यानंतर रोज संध्याकाळी. जितेंद्रने बघितलं तेव्हा तो कपाळाला हात लावून कुंपणापाशी उभा राहिला. दोघांचं मिळून एक लायसन काढणार का, म्हणाला. मी म्हटलं, माझी टेस्ट फेब्रुवारीत आहे, ती मी एकटा देणार आहे, ट्रेनिंगच्या गाडीवर. तिच्यात दुसरा गिअर पडतो. पण तपासणीला व्हॅन तोच घेऊन गेला, आपल्या ऑफिसला सुट्टी टाकून, आणि पास करून आणली. आणखी पाच वर्षं मिळाली. मग मोडीत हं बाबा, नक्की, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी कबूल केलं. पाच वर्षांनी बघू कोण कुणाला मोडीत काढतं.

आता संक्रांतीचं. हळदीकुंकू यमुनाताईंकडे होतं. निरोप आला तेव्हा मंदा नेहमीसारखं झोपलेय म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी चावी तिच्या मांडीवर टाकली. मुद्दाम टाकली, हातात दिली नाही. तिने चावी उचलली. मग म्हणाली, साडी कुठली नेसू ते सांगा. मी म्हटलं, काय करायचं ते कर. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने बाहेर आलो.

यमुनाताईंचं घर तुम्हाला आठवत असेल, पलीकडच्या गल्लीत. चालत गेलो असतो तर पाच मिनिटं लागली असती. आम्ही व्हॅनमधून गेलो, पुढे-मागे लाल एल लावून, पाठीमागे रिक्षावाल्यांची रांग लावून. त्या वाटेत बावखल येतं. तिथे तिचा हात गिअरवरून उठला आणि माझ्या गुडघ्यावर आला, आणि वळण संपेपर्यंत तिथेच होता. मी पहिल्या गिअरमध्येच ते वळण काढलं.

अंगणात गाडी थांबली तशा सगळ्या बायका बाहेर आल्या. मंदा उतरेना. मान खाली घालून बसली. मी उतरून तिच्या बाजूला गेलो, दार उघडून उभा राहिलो. यमुनाताई हातात तिळगुळाची वाटी घेऊन आल्या. त्यांनी मला बाजूला सारलं, दोन लाडू मंदाच्या उजव्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "मंदा, त्या दिवशी तू ब्रेकवरचा पाय काढला नाहीस, म्हणून मी आज तुला हे द्यायला आहे. मला आठवतंय. तुला आठवत नसेल तर माझ्याकडून ऐक."

मंदा रडली. मोकळी होऊन, आवाज करून रडली, सगळ्यांच्या समोर. कुणीतरी तिची काठी धरली.

आणि मग यमुनाताईंनी काय करावं? त्या गाडीच्या उजव्या बाजूने गेल्या, सरकता दरवाजा ओढला, आणि आत मधल्या सीटवर जाऊन बसल्या. स्वतःच्या अंगणात. म्हणाल्या, "देवळापर्यंत एक फेरी मारा बघू." मी म्हटलं, ताई, मी शिकाऊ आहे. त्या म्हणाल्या, तुम्ही शिकाऊ असाल, ती नाही. मागोमाग आणखी दोघी चढल्या.

मी देवाचं नाव घेऊन बसलो. क्लच दाबला. मंदाने लाडू पदरात बांधले, डोळे पुसले, आणि गिअरवर हात ठेवला. देवळापर्यंत गेलो आणि परत आलो, दुसऱ्या गिअरमध्ये, जातानाही आणि येतानाही. बावखलावरून आम्ही परत गेलो तेव्हा मागे यमुनाताई कुणाशी तरी हरभऱ्याच्या भावाबद्दल बोलत होत्या.

तर तुमच्या मताची आता गरज उरली नाही. एवढंच कळवायचं होतं. डावा दरवाजा अजून चेपलेलाच आहे. मंदाला विचारलं, ठोकून घेऊ का. म्हणाली, फेब्रुवारीत, तुमची टेस्ट झाल्यावर, तोवर तुम्ही आणखी कुठे घासाल त्याचं एकदमच होईल.

पेन ती मागते आहे. मघापासून खांद्यावरून वाचत होती. पुढचं तिचं.

शांताराम

दादा,
ह्यांचं सगळं खरं धरू नकोस, एवढी रडले नाही मी. मी बरी आहे. तुझ्यापासून लपवलं, रागावू नकोस, तू माझ्याजागी असतास तर तूही लपवलं असतंस. दुसरा गिअर ह्यांना अजून पडत नाही, पण मी टाकते.
होळीला ये. रिक्षा करू नकोस. स्टेशनवर आम्ही दोघं न्यायला येतो. मागच्या सीटवर बस, उजवीकडून चढ, आणि कसं चालवायचं ते ह्यांना शिकवायला जाऊ नकोस. घरात एक ड्रायव्हर पुरे.
तुझी,
मंदा